जमिनीखालची जलवाहिनी बदलण्याची निविदा कशी भरली जाते

जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही तिची किंमत आधी सांगायची आणि ती उघडी पडल्यावर काहीही निघाले तरी दिलेल्या शब्दाला जागायचे, अशी जबाबदारी फार थोड्या व्यवसायांत घ्यावी लागते. शहरातील जुनी जलवाहिनी बदलून नवी टाकण्याच्या कामाची निविदा भरणारा कंत्राटदार ही जबाबदारी घेत असतो. खोदलेला रस्ता रोज ओलांडणाऱ्या नागरिकाला काम इतके का रेंगाळले, त्यावर इतका खर्च का आला आणि बुजवलेला रस्ता पुन्हा का खचला, असे प्रश्न पडतात. त्यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे पहिली कुदळ पडण्याच्या कितीतरी आधी, निविदेचे दर ठरवणाऱ्याच्या टेबलावर तयार झालेली असतात. मी अनेक वर्षे अशा कामांची दरपत्रके तयार केली आहेत. हे काम आतून कसे चालते ते कंत्राटदार, अभियंता आणि नागरिक या तिघांनाही समजावे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मोकळ्या माळावर नवी वाहिनी टाकणे आणि वसलेल्या शहरात जुनी बदलणे ही दोन कामे नावाने जवळची असली तरी हिशेबाने वेगळी आहेत. बदलण्याच्या कामात जुनी वाहिनी शेवटच्या दिवसापर्यंत पाणी देत राहिली पाहिजे, कारण तिच्यावर अवलंबून असलेल्या घरांना, रुग्णालयांना आणि शाळांना नवी तयार होईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून नवा नळ बहुधा जुन्याच्या जागी न बसवता शेजारून, थोडे अंतर सोडून टाकतात. मग त्याची चाचणी घेतात, एकेका घराची जोडणी जुन्यावरून नव्यावर आणतात आणि सर्वांत शेवटी जुनी वाहिनी बंद करतात. या मधल्या काळात एकाच रस्त्याखाली दोन जलवाहिन्या असतात आणि त्यांच्या आजूबाजूला मलवाहिनी, विजेच्या केबल, गॅसची नळी आणि दूरसंचाराच्या तारा आधीपासूनच जागा धरून बसलेल्या असतात. वर रस्ता चालू असतो. या गर्दीतून वाट काढण्याची किंमत हाच या निविदेचा खरा गाभा आहे. नळाची किंमत कोणताही पुरवठादार एका दिवसात कळवतो.

निविदेच्या कागदपत्रांत साधारणपणे निविदा सूचना, कराराच्या अटी, तांत्रिक तपशील, नकाशे आणि बाबनिहाय परिमाणांचा तक्ता असतो. या तक्त्याला बोलण्यात सगळे बीओक्यू म्हणतात. नवखा माणूस थेट बीओक्यू उघडतो आणि प्रत्येक बाबीसमोर दर लिहू लागतो. माझा आग्रह असा की आधी तांत्रिक तपशील वाचावा, आणि त्यातही कामाचे मोजमाप कसे घेतले जाईल आणि पैसे कशाचे मिळतील हे सांगणारा भाग दोनदा वाचावा. चर खोदण्याच्या बाबीत पाणी उपसणे, चराच्या भिंतींना आधार देणे, वाहतूक वळवणे आणि जादा माती वाहून नेणे ‘सर्व समाविष्ट’ धरले असेल, तर या चारही कामांचा खर्च त्या एका दरात बसवावा लागतो. बसवला नाही तर तो कोणीही देत नाही. रस्ता पूर्ववत करण्याच्या बाबतीत हे नेहमी घडते. मोजमापाच्या नियमात चराची रुंदी आणि दोन्ही बाजूंना ठरावीक अंतर एवढीच रुंदी धरलेली असते. प्रत्यक्षात यंत्राच्या दातांनी डांबराचा थर त्यापलीकडेही उखडतो, कडा ढासळतात, आणि दुरुस्त केलेल्या रुंदीपैकी मोठ्या भागाचे पैसे मोजमाप पुस्तिकेत चढतच नाहीत. हा फरक आधी ओळखणारा माणूस दर वाढवतो. न ओळखणारा काम मिळवतो आणि पुढे रस्त्याची दुरुस्ती उरकून टाकतो. त्या उरकण्याची शिक्षा वर्षभर त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना भोगावी लागते.

जोखीम कोणाच्या पदरात किती पडते हे कराराच्या प्रकारावर ठरते. बाबदर करारात प्रत्येक बाबीचा दर पक्का असतो आणि प्रत्यक्ष झालेल्या परिमाणाप्रमाणे पैसे मिळतात, म्हणून चर नकाशापेक्षा लांब निघाला तर त्याचा भार काम देणाऱ्या पालिकेवर येतो. ठोक रकमेच्या करारात संपूर्ण कामाची एकच रक्कम ठरते आणि परिमाण कमी-जास्त झाले तर तो कंत्राटदाराचा नफा किंवा तोटा असतो. टक्केवारीच्या निविदेत पालिकेच्या अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली, एवढेच सांगायचे असते. जमिनीखालच्या बदलाच्या कामाला बाबदर पद्धतच न्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली काय आहे हे दोन्ही पक्षांना पुरते ठाऊक नसताना सगळी अनिश्चितता एकट्या कंत्राटदारावर टाकली, तर सावध माणूस त्या भीतीची किंमत रकमेत मिळवतो आणि बेसावध माणूस ती मिळवत नाही. सर्वांत कमी रकमेच्या निविदेला काम देण्याच्या नियमाने ते मात्र बेसावधाला मिळते.

कागद वाचून झाले की रस्त्यावर जायचे, आणि तेही पायी. मोजचाक, वही आणि नकाशाची प्रत घेऊन संपूर्ण मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावा. व्हॉल्व्हच्या चेंबरची झाकणे कुठे आहेत आणि नकाशातील जागेपासून किती सरकलेली आहेत, हे लिहून घ्यावे. डांबरावरचे जुने-नवे ठिगळ नीट पाहावे, कारण प्रत्येक ठिगळाखाली पूर्वी कोणीतरी काहीतरी दुरुस्त केलेले असते आणि एका टप्प्यात ठिगळे दाट असतील तर तेथे वाहिनी वारंवार फुटते असा अर्थ निघतो. घरांच्या जोडण्या स्वतः मोजाव्यात. बीओक्यूत १८० जोडण्या लिहिलेल्या असतील आणि चालताना २४० पाण्याचे मीटर दिसले, तर तो फरक निविदापूर्व बैठकीत विचारण्याचा प्रश्न आहे. झाडांची मुळे, उतार, अरुंद वळणे, यंत्र उभे राहील एवढी रुंदी आणि नळांचा साठा ठेवण्याची जागा, हे सगळे त्याच फेरीत पाहून घ्यावे.

जमिनीखालच्या नोंदी किती भरवशाच्या आहेत हे मोजण्याची एक चांगली पद्धत अमेरिकी सिव्हिल अभियंत्यांच्या संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मानकाने रूढ केली. तिच्यात माहितीच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर जुने नकाशे आणि लोकांच्या आठवणी येतात. तिच्यावर जमिनीवर दिसणाऱ्या खुणांशी जुळवून पाहिलेली माहिती, त्याच्यावर विद्युतचुंबकीय उपकरणांनी किंवा भूवेधी रडारने शोधलेली माहिती, आणि सर्वांत वर प्रत्यक्ष खड्डा घेऊन नळ उघडा करून मोजलेली जागा आणि खोली. निविदेतील नकाशा यांपैकी कोणत्या पायरीचा आहे हे विचारले पाहिजे. बहुतेक वेळा तो सर्वांत खालच्या पायरीचा असतो, पण रेषा इतक्या स्वच्छ काढलेल्या असतात की पाहणाऱ्याला ते मोजमाप वाटते.

अशा एका स्वच्छ रेषेने मला एकदा चांगलाच धडा दिला. सुमारे ६०० मीटरच्या एका टप्प्यात नकाशावर आमच्या नव्या वाहिनीचा मार्ग पूर्ण मोकळा दिसत होता. काम मिळाल्यावर पहिला चाचणी खड्डा घेतला तेव्हा सव्वा मीटरवर पहार एखाद्या ओट्यावर आपटावी तशी आपटली. माती हाताने बाजूला केली, तर खाली काँक्रीटमध्ये पुरलेल्या केबलच्या नळकांड्यांचा सलग पट्टा निघाला आणि तो आमच्याच मार्गाने पुढे गेला होता. त्याची नोंद कुठेही नव्हती. मार्ग दीड मीटर सरकवावा लागला, त्यामुळे चर पदपथाच्या कडेला आला, तेथे यंत्राला जागा नव्हती म्हणून मोठा भाग हाताने खोदावा लागला. करारात अनपेक्षित अडथळ्याचे कलम होते म्हणून थोडी भरपाई मिळाली. पण लांबलेल्या दिवसांचा खर्च आमच्याच अंगावर आला. त्यानंतर मी निविदा भरण्याआधी, परवानगी मिळत असेल तेथे, स्वखर्चाने दोन-तीन चाचणी खड्डे घेऊ लागलो. मिळेल की नाही हे ठाऊक नसलेल्या कामावर हा खर्च करणे जिवावर येते, हे मला मान्य आहे.

जुन्या नळाची जात आणि वय यांचाही दराशी थेट संबंध आहे. ओतीव बिडाचे नळ फार टिकतात. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्याच्या कारंज्यांसाठी सतराव्या शतकात टाकलेल्या बिडाच्या वाहिन्यांनी तीनशेहून अधिक वर्षे काम दिले. शहरांतील जुन्या बिडाच्या वाहिन्यांचे जोड शिसे ओतून केलेले असतात. असा जोड हलला की गळू लागतो, म्हणून शेजारी चर खोदताना जुन्या नळाखालची माती निसटू द्यायची नसते. शिवाय जुन्या नळांचा बाहेरचा व्यास आजच्या मापांशी जुळेलच असे नाही. कागदावर दोन्ही नळ २०० मिलिमीटरचे असतात आणि प्रत्यक्षात जोडणारा कपलिंग एकावर बसतो व दुसऱ्यावर सैल राहतो. जोडाच्या ठिकाणी नळ उघडा करून घेर मोजल्याशिवाय कपलिंग मागवू नये, आणि मागवून येईपर्यंतचे दिवस वेळापत्रकात धरावेत.

ॲस्बेस्टॉस सिमेंटचा जुना नळ असेल तर आणखी एक जबाबदारी येते. असा नळ कोरडा असताना यंत्राच्या पात्याने कापला की त्याचे अतिसूक्ष्म तंतू हवेत उडतात, आणि ते श्वासावाटे फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी प्राणघातक आजार होऊ शकतात. अनेक ठिकाणी असा नळ न फोडता जमिनीतच सोडून देतात आणि फक्त जोडाच्या जागी ओला ठेवून, प्रशिक्षित कामगारांकडून कापून घेतात. जुना नळ तेथेच राहणार की काढायचा, काढायचा असेल तर तो कुठे न्यायचा आणि त्या वाहतुकीचे पैसे कोणत्या बाबीत मिळणार, हे निविदेत लिहिलेले नसेल तर लेखी विचारावे. कामगाराच्या फुप्फुसाचा प्रश्न दर कमी करण्याच्या ओघात गृहीत धरला जाऊ नये.

आता दर कसा बनतो ते पाहू. दरपृथक्करण म्हणजे एका मीटरच्या कामासाठी लागणारे साहित्य, मजुरी, यंत्र, वाहतूक, देखरेख आणि नफा यांची फोड. यातले साहित्य सगळ्या निविदाकारांना जवळपास सारख्याच भावाने मिळते, म्हणून निविदा जिंकण्या-हरण्याचा प्रश्न एकाच आकड्यावर येऊन ठेपतो, आणि तो म्हणजे दिवसाला किती मीटर काम होणार.

समजा वाहिनी ३,००० मीटर लांब आहे आणि चर ०.८ मीटर रुंद व १.५ मीटर खोल आहे. म्हणजे प्रत्येक मीटरला १.२ घनमीटर खोदाई. एक तुकडी दिवसाला ३० मीटर काम करील असे धरले तर रोज ३६ घनमीटर माती निघते. खोदलेली माती फुगते. ती २५ टक्के फुगते असे धरले तर ४५ घनमीटर होते, आणि ६ घनमीटरच्या टिपरला तिच्यासाठी ८ फेऱ्या माराव्या लागतात. रस्ता अरुंद असेल आणि माती चराच्या कडेला ठेवता येत नसेल, तर या आठही फेऱ्या खोदाई चालू असतानाच व्हाव्या लागतात. टिपर रहदारीत अडकला की खोदाई यंत्र थांबते, यंत्र थांबले की नळ बसवणारे फिटर थांबतात. शिवाय सकाळी वाहतूक अडवायला आणि संध्याकाळी चर झाकून रस्ता मोकळा करायला जो वेळ जातो तो वेगळाच. अशा रस्त्यावर ३० मीटरचे १८ मीटर व्हायला वेळ लागत नाही. ३० मीटरच्या वेगाने हे काम १०० दिवसांत संपते, तर १८ मीटरच्या वेगाने त्याला १६७ दिवस लागतात. तुकडीची मजुरी, यंत्राचे भाडे, अडथळे आणि दिवे, रात्रीचा पहारेकरी, साइटवरचा अभियंता, विमा असा जो खर्च दिवसागणिक चालू राहतो, तो प्रत्येक मीटरमागे दोन-तृतीयांशाने वाढतो. नळाच्या भावात दोन टक्के सवलत मिळवण्यासाठी तासन्‌तास फोनवर घालवणारे मी पाहिले आहेत. तेवढा वेळ रस्त्यावर उभे राहून रहदारी पाहण्यात घालवला असता तर दर अधिक खरा निघाला असता.

चराची खोली वाढली की खर्च तिच्या प्रमाणात वाढत नाही, तो त्याहून वेगाने वाढतो. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड ते दोन टन असते. चराची भिंत कोसळली तर आत असलेल्या माणसाला बाहेर पडायला क्षणाचाही अवधी मिळत नाही. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ५ फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर किंवा त्याहून खोल चराला, तो अखंड स्थिर खडकात नसेल तर, आधार देणे किंवा भिंती उताराच्या करणे बंधनकारक आहे. आधाराच्या पेट्या भाड्याने आणणे, उतरवणे, प्रत्येक नळामागे पुढे सरकवणे यात दिवसाचे मीटर कमी होतात. म्हणून खोली बदलते तेथे बीओक्यूत वेगळ्या बाबी असाव्यात. नसतील तर नकाशावरून प्रत्येक टप्प्याची खोली काढून भारित सरासरीने, म्हणजे प्रत्येक टप्प्याला त्याच्या लांबीइतके वजन देऊन, दर ठरवावा.

नळ टाकून झाला म्हणजे काम झाले असे नाही, हे दरातही आणि दिवसांतही दिसले पाहिजे. नव्या वाहिनीत पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने तिची चाचणी घेतात. हा दाब अनेकदा कामाच्या दाबाच्या दीडपट असतो. नंतर निर्जंतुकीकरण येते. एका प्रचलित पद्धतीत लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी वाहिनीत २४ तास ठेवतात आणि त्यानंतरही ते प्रमाण १० मिलिग्रॅमच्या खाली गेलेले नसावे लागते. मग ते पाणी बाहेर काढून वाहिनी धुतात आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवतात, जेथे जीवाणू वाढतात की नाही हे पाहायला साधारण एक दिवस जातो. नमुना नापास झाला तर हे सगळे पुन्हा करावे लागते. चाचणीला लागणारे पाणी कोण देणार आणि क्लोरीनचे पाणी कुठे सोडायचे, कारण ते तसेच नाल्यात सोडले तर मासे मरतात, हे दोन प्रश्न बैठकीत विचारणारे फार थोडे भेटतात. घरांच्या जोडण्या नव्या वाहिनीवर आणण्याचे काम पुष्कळदा रात्री, पाणीपुरवठा काही तास बंद ठेवून करावे लागते. त्या रात्री व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतील असे धरून चालू नये. अनेक वर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह पाणी थोडे तरी सोडतोच, आणि मग फिटरला वाहत्या पाण्यात जोड करावा लागतो.

रस्ता न फोडता वाहिनी बदलण्याच्या पद्धतीही आहेत. १९७१ साली एरिक वूड यांनी लंडनमध्ये जुन्या मलवाहिनीच्या आत राळेत भिजवलेले कापडी अस्तर घालून ते तेथेच घट्ट होऊ दिले, आणि त्यातून नळाच्या आत नळ तयार करण्याची पद्धत पुढे आली. दुसऱ्या एका पद्धतीत जुना नळ आतून फोडत त्याच मार्गाने नवा ओढून घेतात. काही निविदांत अशी पर्यायी पद्धत सुचवण्याची मुभा असते. ती आकर्षक दिसते, पण जोडण्या मोजल्याशिवाय तिच्यामागे जाऊ नये. प्रत्येक घराच्या जोडणीपाशी बहुधा एक खड्डा घ्यावाच लागतो आणि घरे दर पाच-सहा मीटरवर असतील तर खोदाई वाचत नाही. जोडण्या विरळ आहेत, वर मोठा चौक आहे किंवा चर खूप खोल आहे, अशा ठिकाणी मात्र या पद्धती खरोखर उपयोगी पडतात.

सर्व दर ठरले की एक विचित्र गणित समोर उभे राहते. १९७१ साली तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी दाखवून दिले की, वस्तूची खरी किंमत कोणालाच ठाऊक नसते तेव्हा बोली जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याचा अंदाज सर्वाधिक चुकलेला आहे. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. लिलावांच्या सिद्धान्तासाठी २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांच्या कामातही हा विषय आहे. तेलाच्या लिलावात सर्वाधिक बोली जिंकते, आपल्या निविदेत सर्वांत कमी. पाच कंत्राटदारांनी प्रामाणिकपणे एकाच कामाचा अंदाज केला, तर कोणाचा थोडा वर जाईल आणि कोणाचा थोडा खाली. ज्याचा सर्वांत खाली गेला, म्हणजे ज्याच्या नजरेतून बहुधा काहीतरी सुटले, त्याला काम मिळते. म्हणून आपली रक्कम दुसऱ्या क्रमांकापेक्षा खूपच खाली आली तर आनंद करण्याआधी आपण काय विसरलो ते शोधावे. काम देणाऱ्यानेही अशा निविदेचे दरपृथक्करण मागवून तपासावे. त्या तपासणीत काही दिवस जातात, पण मध्येच सोडून गेलेल्या कंत्राटदाराच्या उघड्या चराशेजारी महिने जातात.

बाबदर निविदेत आणखी एक चाल खेळली जाते आणि ती नागरिकांनीही समजून घ्यावी. बीओक्यूत मातीतील खोदाई ३,००० घनमीटर आणि खडकातील २०० घनमीटर लिहिली आहे असे समजा. मातीला १० आणि खडकाला २० असे दर लावले तर बेरीज ३४,००० होते. दुसऱ्या निविदाकाराला चाचणी खड्ड्यांवरून वाटते की खडक १,००० घनमीटर निघेल. तो मातीला ८ आणि खडकाला ५० असे दर लावतो. त्याचीही बेरीज ३४,०००च येते, म्हणून उघडल्यावर दोन्ही निविदा सारख्या दिसतात. प्रत्यक्षात खडक १,००० आणि माती २,२०० घनमीटर निघाली, तर पहिल्याला ४२,००० द्यावे लागले असते आणि दुसऱ्याला ६७,६०० द्यावे लागतात. खडक अजिबात निघाला नाही तर हाच दुसरा माणूस ३२,००० ऐवजी २५,६०० वर येऊन बुडतो. अशा तोल ढळलेल्या निविदा नाकारण्याचा अधिकार अनेक करारांत काम देणाऱ्याने राखून ठेवलेला असतो. परिमाण चुकल्याचे लक्षात आले असेल तर ते बैठकीत उघड सांगावे, अशी माझी धारणा आहे. दुरुस्त परिमाणावर सगळे समान पातळीवर येतात आणि शहराचे पैसे वाचतात. त्या चुकीवर डाव लावून मिळवलेला पैसा शेवटी पाणीपट्टी भरणाऱ्याच्याच खिशातून येतो.

निविदापूर्व बैठकीत किंवा लेखी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे सर्वांना दिली जातात आणि त्यांतून बदल झाले तर शुद्धिपत्रक निघते. प्रत्येक शुद्धिपत्रक मिळाल्याची पोच निविदेसोबत जोडावी लागते. ती राहिली म्हणून सर्वांत कमी रकमेची निविदाही बाद होऊ शकते. बैठकीत भेटणाऱ्या इतर निविदाकारांशी दराबद्दल एक शब्दही बोलू नये, कारण संगनमत हा अनेक देशांत गुन्हा आहे.

पैशाची जुळवाजुळव हा निविदेचाच भाग आहे. निविदेसोबत बयाणा रक्कम द्यावी लागते आणि काम मिळूनही माघार घेतली तर ती जप्त होते. करारापूर्वी कार्यपूर्तीची हमी द्यावी लागते. प्रत्येक चालू देयकातून काही टक्के राखून ठेवले जातात आणि दोष दायित्वाचा काळ, म्हणजे कामात निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावरच ती रक्कम पूर्ण सुटते. नळ मात्र आधी रोखीने घ्यावे लागतात. ते टाकून त्यांची चाचणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे मिळणार नसतील, तर मधल्या महिन्यांचे व्याज दरात धरले पाहिजे. धडधाकट कंपन्याही कामात तोटा नसताना केवळ हाती रोख न उरल्यामुळे बंद पडल्या आहेत.

निविदा सादर करण्याच्या दिवशी सकाळी नळाच्या पुरवठादाराचा अंतिम भाव येतो, एखादा उपकंत्राटदार आपला दर बदलतो आणि एका बाबीचा आकडा बदलला की बेरजा हलतात. म्हणून तक्ता दुसऱ्या माणसाकडून, ज्याने तो तयार केलेला नाही अशा माणसाकडून, तपासून घ्यावा. मीटरऐवजी मिलिमीटर पडले आहेत का, एखादी बाब रिकामी राहिली आहे का, अंकांतील आणि अक्षरांतील दर जुळतात का, हे त्याने पाहावे. बहुतेक करारांत दोन्हींत फरक असेल तर अक्षरांतील दर ग्राह्य धरतात. तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे वेगळे असतील तर तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही दर दिसता कामा नये. ऑनलाइन निविदा शेवटच्या तासावर ठेवू नये.

लिफाफे उघडले की सर्वांचे दर समोर येतात, आणि बाबनिहाय दर पाहायला मिळत असतील तर त्यांच्याइतकी शिकवण कशातूनच मिळत नाही. काम मिळो वा न मिळो, मी तो तक्ता आपल्या दरांशेजारी मांडतो आणि प्रत्येक बाबीत सगळ्यांचे दर कुठे एकत्र येतात आणि कुठे पांगतात ते पाहतो. नळ, व्हॉल्व्ह, वाळू यांत ते एकमेकांना चिकटून असतात. रस्ता पूर्ववत करणे, घरांच्या जोडण्या आणि खडकातील खोदाई यांत ते दुप्पट-तिप्पट पांगतात. ज्या बाबींत ते पांगले त्यांची यादी मी वहीच्या नव्या पानावर करतो, आणि त्याच परिसरातील पुढची निविदा सूचना निघाली की मोजचाकासोबत ते पान घेऊन रस्त्यावर जातो.